सहादेवची फुंकणी

शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रपाळीला होती. काष्टीच्या मळ्यात मोटारीच्या खोलीसमोर श्रीमंत सर बाजेवर बसले होते. खाली पोत्यावर त्यांच्या पुतण्याची पोरं, ओम आणि अश्विनी, लाईट यायची वाट बघत होती. अश्विनीला तहान लागली. ओमनं आपली बाटली पुढं केली. तिनं बाटलीचं तोंड ओढणीनं पुसलं, नाक मुरडलं, पुन्हा पुसलं आणि मग वरूनच पाणी प्यायली.

सर बघत होते. सगळा जन्म त्यांनी नगरच्या शाळेत चित्रकला शिकवली होती. निवृत्त झाले आणि मळ्यात येऊन राहिले.

"पुसल्यानं जातं का गं?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"दुसऱ्याचं तोंड."

अश्विनी हसली. सर हसले नाहीत. हातातली बॅटरी त्यांनी बंद केली.

"माझा एक विद्यार्थी आहे, केदार. सुप्याला असतो. त्याच्याबाबतीत झालेलं सांगतो. आहे ते सांगतो, मला त्यातलं कळलंय असं समजू नका."

मग ते सांगायला लागले.

केदार विष्णुपंतांचा धाकटा. विष्णुपंत आमच्याच शाळेत संस्कृत शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी सत्यनारायण सांगायला जायचे. त्या घरात उष्ट्याचं फार. भांडं ओठाला लागलं की ते घासायला गेलंच. आईनं चमच्यानं आमटीची चव घेतली, तर तो चमचा पुन्हा पातेल्यात जायचा नाही. केदार त्याच वळणाचा. मधल्या सुट्टीत कुणी त्याच्या भाजीत पोळी बुडवली, तर पोरगा डबा तसाच झाकून ठेवायचा. चिडायचा नाही, भांडायचा नाही. फक्त त्याला ते गिळता यायचं नाही.

आणि असल्या पोरानं धंदा निवडला तो तोंडाचा.

मुंबईला कला शिकायला गेला, तिथं त्यानं कुठंतरी काच फुंकताना पाहिली आणि त्याचं बाकी सगळ्यावरचं लक्ष उडालं. काच फुंकणं म्हणजे काय, तर माणसाच्या उंचीची एक पोकळ लोखंडी नळी असते. तिचं एक टोक भट्टीत घालायचं आणि वितळलेली काच त्यावर गुंडाळून घ्यायची. काकवी असते ना गुऱ्हाळातली, तशी दिसते ती, फक्त लालभडक. नळी सारखी फिरवत राहायचं, कारण हात थांबला की काच ओघळली. आणि दुसऱ्या टोकाला ओठ लावून फुंकायचं. काचेत फुगा धरतो. बाहेरचा सगळा आकार हातानं येतो, पण आतली पोकळी जी असते, ती फुंकणाऱ्याचा श्वास असते.

हे शिकायला तो फिरोजाबादला जाऊन राहिला. तिथल्या कारखान्यात एकाच नळीला दोघंतिघं आळीपाळीनं तोंड लावायचे. नळी याच्या हातात यायची तेव्हा टोक कोमट असायचं, ओलं असायचं, आधीच्या माणसानं खाल्लेल्या पानाचा वास मारायचं. हा शर्टाला पुसायचा, डोळे मिटायचा आणि फुंकायचा. रात्री खोलीवर जाऊन मिठाच्या पाण्यानं गुळण्या करायचा. मला एकदा फोनवर म्हणाला, "सर, बाकी सगळं जमतं हो. भट्टीपुढं उभं राहायला जमतं, हात भाजतात तेही जमतं. त्या टोकाची तेवढी सवय होत नाही."

तरी शिकला. परत आला, सुप्याच्या एमआयडीसीत प्रयोगशाळेच्या काचा बनवायच्या कामाला लागला आणि हात बसल्यावर नोकरी सोडून गावाबाहेर स्वतःची शेड टाकली. जोडीला रविराज, सुप्याचाच, त्याच्याच वयाचा. दोघांच्या नळ्या वेगळ्या. केदारच्या नळीला केदारशिवाय कुणाचं तोंड लागायचं नाही. त्यानं हळूहळू नाव काढलं. पुण्यातल्या लोकांच्या घरात त्याचे दिवे लागले. लग्न झालं, यामिनी आली, मग दिशा झाली. आणि परवापरवा, म्हणजे दोन हजार तेवीसची गोष्ट, मुंबईच्या एका गॅलरीनं त्याचं स्वतःचं प्रदर्शन ठरवलं. श्रावणात. त्याला कंदिलांचं प्रदर्शन करायचं होतं. आतून दिवा लावला तर काच आहे की नाही कळू नये, इतके पातळ कंदील. पण ते काही होईनात. एका बाजूनं जाड यायचे, नाहीतर निवताना तडकायचे. माणूस अर्धा झाला.

अशात भट्टीच्या विटा ढासळल्या. नव्या विटा यायला वेळ लागणार होता. कुणीतरी सांगितलं, मिरजगावच्या अलीकडं माळावर कंदिलाच्या काचांचा जुना कारखाना बंद पडलाय, तिथल्या भट्टीच्या विटा अजून शाबूत आहेत. मे महिना होता. केदार आणि रविराज टेम्पो घेऊन गेले.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. घरोघर वीज आली, कंदील गेले, तसा कारखानाही गेला. राखणीला गोरक्षनाथ नावाचा एक म्हातारा होता. तोही एके काळी तिथंच भट्टीवर होता. त्यानं विटा दाखवल्या, चहा केला. आत एका कोपऱ्यात नळ्यांची रास पडली होती, गंजून एकमेकींना चिकटलेली. केदार त्यातली एखादी सरळ मिळते का बघत होता. सरळ एकही नव्हती.

मग तो शेडमागं लघवीला गेला. संडासाच्या भिंतीला, बाहेरच्या अंगाला एक खिळा होता आणि त्या खिळ्याला एक नळी टांगलेली होती. एकटीच. तोंडाकडच्या टोकाला चिंधी गुंडाळलेली. त्यानं ती काढून बोटावर तोलली. कसबी माणसाला हत्यार हातात घेतल्या घेतल्या कळतं. वजन जिथं पाहिजे तिथं होतं. उन्हापावसात टांगलेली, पण गंजाचा ठिपका नाही.

चिंधी सोडली तेव्हा एक वास आला. त्यानं ती दोन बोटांनी धरून लांब फेकली.

गोरक्षनाथ मागं येऊन उभा होता. "ती नका घिऊ."

"का?"

"ती यकट्याची हाय."

"कुणाची?"

"हुता यक. गेला. आमी तिला कुनी हात लावत न्हाई."

"तुमची काही आठवण असेल तर राहू दे," केदार म्हणाला.

"आटवन कसली." म्हाताऱ्यानं दोन्ही हात धोतराला पुसले. त्यानं नळीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. "न्या मग. पर हितं परत आनू नका."

केदारनं घरी आणून ती राखेनं घासली. तारेच्या ब्रशनं आतून बाहेरून घासली. उकळत्या पाण्यात ठेवली, स्पिरिटनं पुसली. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून तोंडाकडचं टोक ज्योतीवर धरून लाल केलं. यानंतर लोखंडावर काय उरणार, तुम्हीच सांगा.

भट्टी पेटली. त्या नळीनं त्यानं पहिला कंदील फुंकला आणि रविराज हातातलं काम टाकून बघत राहिला. केदारनं जेमतेम एक फुंकर घातली होती. काच फुलत गेली. सगळीकडून सारखी, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. अशी काच केदारच्या हातून कधीच झाली नव्हती. फिरोजाबादच्या त्याच्या उस्तादाच्या हातूनही झाली नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं नळी उचलली, तेव्हा टोक ओलं होतं.

भट्टीशेजारी रात्रभर टांगलेली नळी. तिथं ओलं फडकं टाकलं तरी खडखडीत वाळतं. त्यानं बोट लावून पाहिलं. बोट लांब नेलं तर मध्ये तार आली. पाकाला येते ना, तशी. लांबली, तुटली, बोटावर गुंडाळली गेली. त्यानं हात धुतला, मातीनं धुतला, साबणानं धुतला. मग टोक ज्योतीवर धरून पुन्हा लाल केलं आणि कामाला लागला.

रोज हेच व्हायचं. रोज सकाळी ओलं. त्याला वास यायला लागला, पिकलेल्या जखमेचा. आणि नळीला तोंड लावलं की चव यायची. चवीचं त्यानं मला सांगितलं ते मी तुम्हाला सांगत नाही, तुम्हाला अजून जेवायचंय. पण कंदील असे व्हायचे, की संध्याकाळी शेडमध्ये ओळीनं टांगलेले बघून त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. रविराजनं त्या नळीला कधी तोंड लावलं नाही. केदारनं त्याला लावू दिलंही नसतं.

जूनमध्ये रविराज कुणाच्या तरी लग्नाला मिरजगावला गेला. तिथं गोरक्षनाथ भेटला. परत आल्यावर रविराज बराच वेळ शेडच्या दारातच उभा राहिला.

"केदार, त्या नळीचं इचारून आलो."

"बरं."

"सहादेव म्हणून होता एक. कारखान्यात त्याच्यासारखा फुंकणारा दुसरा नव्हता म्हणे. त्याच्या तोंडात जखम झाली. बरी होईना. वाढत गेली. मग..." रविराजनं स्वतःच्या डाव्या गालाला हात लावला आणि लगेच काढला. "हितं आरपार भोक पडलं. तरी कामावर यायचा. फुंकताना एका बोटानं ते भोक दाबून धरायचा. न्हाईतर वारं बाहेर जायचं."

केदारनं हातातली नळी खाली ठेवली.

"बाकीचे त्याच्याबरोबर नळी घेईनात. मग त्याला ही एकच दिली, येगळी. माठ येगळा. जेवायला संडासाच्या मागं बसवायचे. त्याच्या तोंडातून सारखं गळायचं, त्याची किळस यायची सगळ्यांना. शेवटी मालकानं काढून टाकला."

केदार उठला, शेडच्या मागं गेला आणि ओकला. पोटात काही उरलं नाही तरी ओकत राहिला. मग चूळ भरली. परत आला. आणि तीच नळी उचलून भट्टीपाशी गेला.

"तरीपन?" ओमनं विचारलं.

तरीपण. प्रदर्शन महिन्यावर आलं होतं. दुसऱ्या नळीनं केलेला एकही कंदील त्याला आता बघवत नव्हता. त्यानं तोंडात लवंगा धरायला सुरुवात केली. दोन लवंगा, नळी, फुंकर. किळस गिळायची आणि फुंकायचं.

घरी यामिनी एके रात्री म्हणाली, "तू तंबाखू खायला लागलास का?"

"वेडी आहेस का?"

"मग डॉक्टरांना दाखव. तोंडाला वास येतोय." आणि तिनं उशी घेतली आणि दिशाच्या खोलीत झोपायला गेली. त्यानं आरशात तोंड उघडून बघितलं. दात, जीभ, गाल, सगळं स्वच्छ होतं. दंतवैद्यानंही स्वच्छ म्हणून सांगितलं.

मग दिशा अंगणात पडली. गुडघा खरचटला, म्हणजे अगदी थोडा, नुसतं साल निघालं होतं. केदारनं तिला मांडीवर घेतलं आणि आपण सगळेच करतो तसं त्यावर हलकेच फुंकर घातली. पोरगी किंचाळून अंगावरून उतरली. "बाबा, घाण वास." दुसऱ्या दिवशी त्या गुडघ्यात पू झाला. चौथ्या दिवशी पट्टी सोडली तर पट्टीबरोबर मांस सुटून आलं. एवढुसा ओरखडा होता तो. नगरला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथं पलंगाशी बसून यामिनीनं त्याला विचारलं, "तिथं शेडमध्ये तू नक्की काय करतोस?"

तो म्हणाला, "एकच राहिलाय. मधला, मोठा. तो झाला की संपलं."

सतरा जुलै. सोमवार. आषाढातली अमावास्या, दिव्यांची अवस. त्या वर्षी पाऊस नव्हताच, आठवतंय ना. आभाळ नुसतं बसल्यासारखं झालेलं, आणि वारा नाही. घरोघरी दिवे घासून मांडले होते. रविराज संध्याकाळी घरी गेला. पूजा झाली की कणकेचे गोड दिवे डब्यात घेऊन येतो, मग मोठा कंदील करू, म्हणाला. एवढं मोठं काम एकट्यानं करत नाहीत. दुसरा माणूस लागतोच.

केदार थांबला नाही.

त्यानं तोंडात लवंगा टाकल्या. नळी काढली. टोक ओलं होतं, पण आज नुसतं ओलं नव्हतं. आज ते गळत होतं. थेंब थेंब, फरशीवर. त्यानं ते पुसलं नाही. पुसायचं त्यानं केव्हाच सोडलं होतं. भट्टीतून काच घेतली, पुन्हा घेतली, अजून एकदा घेतली. जड झाली. नळी फिरवत बाकावर बसला. ओठ लावले. फुंकर घातली.

काचेत फुगा धरला. चांगला धरला. त्यानं ओठ बाजूला घेतले.

फुगा वाढतच होता.

तो बघत राहिला. हात आपोआप नळी फिरवत होते. त्याला वाटलं, आतली हवा तापली असेल. तसं होतं कधीकधी. थोडंसं. पण एवढं नाही. नारळाएवढा झाला. कळशीएवढा झाला. आणि थांबला.

आता पुन्हा फुंकायला हवं होतं. त्यानं ओठ लावले.

लोखंड मऊ होतं.

...ओठांसारखं. फाटलेल्या, सुजलेल्या ओठांसारखं. आणि केदारनं फुंकायच्या आधी नळीतून वारं आलं. आतून. उलटं. त्याच्या तोंडात. गरम, दमट, कुजका श्वास. तो त्याच्या घशात उतरला... खाली उतरला... छाती भरली. त्याला तोंड काढता येईना. ओठ चिकटले होते. लवंगा जिभेवरून घशात गेल्या. मागोमाग नळीतून काहीतरी बुळबुळीत आलं, जिभेखाली साचलं. थुंकायला जागा नव्हती. त्यानं ते गिळलं.

त्याच वेळी कानापाशी आवाज यायला लागला.

फस्स...

सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसा. अगदी जवळून. डाव्या बाजूनं.

फस्स...

आणि केदारचा डावा हात नळीवरून सुटला. तो त्यानं सोडला नव्हता. हात वर आला. तर्जनी पुढं झाली. त्याच्या डाव्या गालावर टेकली. दाबली.

आवाज थांबला.

रविराज डबा घेऊन आला तेव्हा त्यानं हे पाहिलं. भट्टीच्या उजेडात केदार बाकावर बसलाय. नळी तोंडात. एका हातानं फिरवतोय. दुसऱ्या हाताचं बोट गालाला. डोळे उघडे, त्यातून पाणी वाहतंय. आणि पलीकडं काचेचा गोळा... रांजणाएवढा. फुगतोय. बसतोय. फुगतोय. बसतोय.

रविराजनं हाक मारली.

केदारची मान वळली. ओठ नळीवरच.

रविराजच्या हातात डबाच होता. स्टीलचा, जड. त्यानं तो दोन्ही हातांनी धरून नळीवर घातला. नळी सुटली. गोळा मागच्या वाळूच्या ढिगावर पडला. केदार पालथा पडला आणि त्याच्या तोंडातून जे बाहेर आलं ते रविराजनं मला कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, "सर, एवढं एका माणसाच्या पोटात मावत न्हाई."

रात्रभर दोघं शेडबाहेर रस्त्यावर बसले. पुण्याकडच्या गाड्या जात होत्या. कुणी आत गेलं नाही. भट्टी आपोआप विझली.

सकाळी रविराजनं नळी पोत्यात गुंडाळली, टेम्पोत टाकली आणि दोघं मिरजगावला गेले. गोरक्षनाथानं टेम्पो लांबूनच ओळखला आणि कारखान्याचं फाटक लावून घेतलं. आतूनच म्हणाला, "मी सांगितलं हुतं, हितं आनू नका."

"मग कुठं नेऊ?" केदारनं विचारलं. त्याचा आवाज बसला होता.

म्हाताऱ्यानं फाटकाच्या फटीतून ओढ्याकडं बोट केलं. "त्याची बायकू हाय अजून. मालनबाई. वड्याच्या पल्याड वस्तीवर."

वस्तीवर एक खोली, पुढं छपरात चूल. मालनबाई साठीच्या पुढची, वाळकी, ताठ बाई. दोघं दारात उभे राहिले. रविराजनं पोतं सोडलं. तिनं नळी बघितली आणि हात पुढं केले. तान्ह्या पोराला घेतात तसे.

"कुठं मिळाली?"

"कारखान्यात. संडासाच्या भिंतीला होती," रविराज म्हणाला.

"मरायच्या आदी रोज म्हनायचा, माजी फुंकनी घरी आन. मी गेल्ते मागायला. मालकानं दिली न्हाई. इटाळ हुतो म्हनला, हात कोन लावनार." तिनं नळीवरून हात फिरवला. "बसा. च्या करते."

चूल विझायला आली होती. तिनं नळी चुलीत धरली. टोक ओलं होतं. केदारला दिसत होतं, चकाकत होतं. तिनं ते पदराला पुसलं नाही. तसंच तोंडाला लावलं आणि फुंकलं. राख उडाली. निखारे लाल झाले. तिनं पुन्हा फुंकलं, गाल फुगवून, सावकाश, घाई नसल्यासारखं.

केदारला उमळून आलं. त्यानं तोंडावर हात धरला आणि मान फिरवली.

"येती व्हय किळस?" मालनबाई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "सगळ्यांनाच यायची. शेवटाला तर माश्या बसायच्या. मी कापडानं पुसायचे आन भाकर चावून, मऊ करून भरवायचे. मला न्हाई कदी आली."

तिनं कपात चहा ओतून दोघांपुढं ठेवला. रविराज प्याला. केदारनं कप उचलला, ओठांपर्यंत नेला, आणि त्याला पिता आला नाही. कपाच्या कडेला तिच्या बोटाचा राखेचा डाग होता. तो बघत राहिला. मग कप खाली ठेवला.

मालनबाईनं तो कप उचलला. "ऱ्हाऊ द्या," म्हणाली आणि स्वतःच पिऊन टाकला.

येताना सगळ्या वाटेत केदार रडत होता, असं रविराज सांगतो. भीतीनं नव्हे म्हणे. त्या कपामुळं.

त्यानंतर सरळ झालं सगळं. दिशाचा गुडघा भरून आला. तोंडाचा वास गेला. केदारनं त्या नळीचे सगळे कंदील फोडले आणि प्रदर्शनाला नाही म्हणून कळवलं. नाव व्हायचं ते राहिलं. काच त्यानं सोडली नाही, पण फुंकत नाही आता. साच्यात वितळवून करतो, ताटं, फरश्या, मूर्ती. पोकळ काही करत नाही. मालनबाईकडं दर दोनतीन महिन्यांनी जाऊन येतो. तिच्या हातचा चहा अजून त्याला जात नाही. जाऊन बसतो, एवढंच.

सर थांबले. उसात कुठंतरी पानं सळसळली आणि थांबली.

"एवढंच का?" अश्विनीनं हळूच विचारलं.

एवढंच असतं तर बरं होतं. शेड साफ करायला रविराजला महिना लागला. वाळूच्या ढिगात तो अमावास्येचा गोळा तसाच होता. एवढी मोठी काच, उघड्यावर निवलेली. ती तासाभरात तडकून चुरा व्हायला हवी. तिला ओरखडा नव्हता. आणि नळी जिथून सुटली, तिथं भोक राहायला पाहिजे. नव्हतं. मानेचं तोंड आपोआप मिटलं होतं, अंड्यासारखं गुळगुळीत.

मी गेल्या दिवाळीत सुप्याला गेलो तेव्हा रविराजनं मला तो दाखवला. पोत्याखाली ठेवलाय. काच इतकी पातळ, की पलीकडची त्याची बोटं दिसत होती. आणि तळाला, आत, काहीतरी होतं. चमचाभर. दाट, पिवळट... आणि त्यात रक्ताची एक रेघ.

मी म्हणालो, वाळलेलं असेल. वर्ष होऊन गेलं.

रविराजनं गोळा हळूच तिरका केला.

ते ओघळलं. काचेवर लांबत गेलं आणि मागं तार सोडत गेलं.